डीआरचं देणं

जून २०१० मध्ये लंडनला ‘मेटल हॅमर’ या ब्रिटिश मासिकाचे गोल्डन गॉड्स पुरस्कार झाले. त्यातला ‘ग्लोबल मेटल’ हा मान मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शन या बँडला मिळाला. हेवी मेटल ज्या देशात जन्मलं, त्याच देशातल्या आणि याच संगीताला वाहिलेल्या मासिकाने आपल्याकडच्या पोरांचं नाव पुकारलं होतं. ज्यांना या बातमीचं मोल होतं त्यांच्यापर्यंत ती पोचायला वेळ लागला नाही. तेव्हापासून एक वाद पेटलेला आहे तो आजतागायत विझलेला नाही. डीआर (चाहते बँडला असंच म्हणतात) खरोखरच एवढा मोठा आहे का? आणि असला तर कशामुळे? गाण्यांमुळे, की लंडनने पाठ थोपटली म्हणून?

हा वाद मुंबईत पुष्कळ वेळा कानावर आला. पण तो सगळ्यात पोटतिडकीने घातलेला ऐकला तो अच्छाडला.

अच्छाड हे तलासरी तालुक्याचं आणि या बाजूने महाराष्ट्राचंही शेवटचं टोक. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर इथे राज्य संपतं. सीमा तपासणी नाका, ट्रकच्या रांगा, ढाबे, टायरवाले, आणि लगेच पुढे गुजरातचं भिलाड. आजूबाजूच्या पाड्यांतली तरुण मुलं सकाळच्या पाळीला उंबरगाव नाहीतर वापीच्या जीआयडीसीत जातात. त्यांतलाच एक फिटर, आयटीआय केलेला, वारली घरातला. दुसरा त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, साऊंडवाला. लग्नसराईत बेंजो पार्टीला स्पीकर, मिक्सर आणि जनरेटर पुरवणं हा त्याचा धंदा. फिटरला मेटलचं वेड लावलं बोईसरच्या एका मित्राने, आणि साऊंडवाल्याला फिटरने. दोघांच्या मोबाइलमध्ये हेच संगीत ठासून भरलेलं, आणि डीआरवरून दोघांचं एकदाही एकमत झालेलं नाही.

“सर, तो पुरस्कार मिळाला नसता तर तुम्ही त्यांच्यावर लिहायला आला असता का?” साऊंडवाल्याने पहिल्याच भेटीत विचारलं. त्याचं म्हणणं सरळ आहे. डीआरचा घाट नॉर्वेचा. कीबोर्डचे भव्य पडदे, त्यावर खर्जातली गुरगुर, मध्येच स्वच्छ गळ्याने गायलेली ओळ. हे सगळं डिमू बोर्गीरसारख्या बँडनी आधीच करून ठेवलेलं. “त्यांचंच त्यांना ऐकवलं, म्हणून ते खूश झाले.”

“अरे, पण साल बघ ना!” फिटर उसळतो. “‘अ डार्कनेस डिसेंड्स’ २००५चा आहे. तेव्हा तुझ्या घरात साधा मोबाइल तरी होता का? इथे कुणी करत नव्हतं तेव्हा त्यांनी केलंय.”

फिटरची बाजू समजून घ्यायची तर मुंबईतला तो काळ डोळ्यांपुढे आणावा लागतो. २००० साली साहिल मखिजा या, विशीही न गाठलेल्या मुलाने डेमॉनिक रेझरेक्शन उभा केला आणि ‘डेमनस्टीलर’ हा पहिला अल्बम त्याच वर्षी काढला. त्याआधी मुंबईत रॉक होतं, नाही असं नाही. १९८०च्या दशकात रॉक मशीन होता, तोच पुढे इंडस क्रीड झाला. १९८६ पासून फरहाद वाडियांचा इंडिपेंडन्स रॉक हा मेळा भरत होता, आणि धोबीतलावच्या रंगभवनात उघड्या आकाशाखाली कॉलेजची पोरं केस मोकळे सोडून माना हलवत होती. पण त्या मंचावर बव्हंशी दुसऱ्यांची गाणी वाजत. आयर्न मेडनचं गाणं हुबेहूब वाजवलं की पोरं डोक्यावर घ्यायची. स्वतःचं गाणं सुरू केलं की बाटल्या फेकायची. अशा वातावरणात सबंध अल्बम स्वतःचा, तोही मेटलच्या सगळ्यात कर्कश, सगळ्यात अवघड शाखेतला, हे धाडस होतं. त्याला दुसरा शब्द नाही.

त्यातच रंगभवन गेलं. शेजारी सेंट झेवियर्स कॉलेज, जवळच कामा आणि जी. टी. रुग्णालयं. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालयं, शाळा-कॉलेजं आणि न्यायालयांभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र ठरवले आणि काही वर्षांतच या खुल्या रंगमंचावरचे कर्णे कायमचे उतरले. रुग्णाची झोप मोडू नये हे रास्तच आहे. पण बंद केलेल्या जागेच्या बदल्यात शहराने या मुलांना दुसरी जागा दिली नाही, याची हळहळ मला आजही वाटते. १९७८ पासून जॅझ यात्रा जिथे भरली तो मंच असा ओस पडतो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही, हे चांगलं लक्षण नव्हे. मेटलवाले मग जुहूच्या रॅझबेरी ऱ्हायनोसेरससारख्या क्लबांत शिरले. तिथे मंच बुटका, छत खाली, घाम आणि सिगारेटचा धूर. मुंबईचं मेटल खऱ्या अर्थाने त्या कोंदट जागांत वाढलं.

आता साऊंडवाल्याची बाजू. तो नुसता टीकाकार नाही, कानाचा माणूस आहे. एका दुपारी पाड्यावरच्या मोकळ्या खळ्यात त्याने आपले दोन टॉप आणि दोन अठरा इंची बेस लावून डीआरच्या ‘द रिटर्न टू डार्कनेस’मधलं ‘द अनरिलेंटिंग सर्ज ऑफ व्हेन्जन्स’ वाजवलं. सुरुवातीला नुसता गडगडाट. “हे बघा,” तो म्हणाला, “ड्रमरचे दोन्ही पाय चालू आहेत. लग्नात एक ढुम्म आला की पब्लिक नाचतं. इथे सेकंदाला दहा-बारा ठोके, आणि प्रत्येक ठोका सुटा ऐकू आला पाहिजे.” मग त्याने मिक्सरवर अडीचशे-तीनशे हर्ट्झच्या आसपासचा भाग खाली ओढला. तिथेच सगळा चिखल साचतो, असं त्याचं म्हणणं. वर तीन-चार किलोहर्ट्झला थोडी धार दिली. गडगडाटातून ठोके सुटे झाले. पेडलचा लाकडी टोला कातड्यावर बसताना होणारी टकटक स्पष्ट कानावर आली. गिटारची गुंतवळ उलगडली, कीबोर्ड मागे सरकला. खळ्याच्या कडेला उभ्या असलेल्या दोन म्हाताऱ्या बायका कानावर हात ठेवून हसत होत्या, पण हलल्या नाहीत. “वाजवणारे पक्के आहेत,” साऊंडवाल्याने कबूल केलं. “माझं भांडण वाजवण्याशी नाही. त्यांना मोठं कुणी ठरवायचं, याच्याशी आहे.”

हा प्रश्न जगभरच्या मेटलवाल्यांना छळत आलेला आहे. ग्रॅमीने हार्ड रॉक आणि मेटलसाठी पहिल्यांदा पुरस्कार ठेवला तो १९८९ साली. मेटॅलिका जिंकणार हे सगळे गृहीत धरून बसले होते. नाव निघालं जेथ्रो टलचं, ज्यांच्या संगीतात बासरीला मोठं स्थान. दुसऱ्या वर्षी मेटलचा पुरस्कार वेगळा काढावा लागला. मोटरहेडसारख्या बँडला २००५ साली ग्रॅमी मिळालं, तेही मेटॅलिकाच्या गाण्याच्या सादरीकरणासाठी. स्वतःच्या एकाही गाण्याला नाही. ज्यांच्यापासून हे सगळं सुरू झालं त्या ब्लॅक सॅबथला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने २००६ साली आत घेतलं. त्यांचा पहिला अल्बम फेब्रुवारी १९७०चा. म्हणजे छत्तीस वर्षांनी. त्याआधी वैतागून त्यांच्या गायकाने, ऑझी ऑस्बर्नने, आमचं नाव यादीतून काढून टाका असं कळवलंही होतं. आयर्न मेडनचं नाव २०२१ आणि २०२३ या दोन्ही साली नामांकनात आलं आणि दोन्ही वेळा मागे पडलं. तोवर तीन पिढ्या त्यांच्या गाण्यांवर पोसल्या गेल्या होत्या. म्हणून पुरस्कारांच्या यादीवरून मेटल बँडची उंची मोजू नये, असं मला ठामपणे वाटतं. गोल्डन गॉड्सलाही हाच नियम लावायला हवा, डीआरच्या बाजूने आणि त्यांच्या विरुद्धही.

पालघर जिल्ह्याला हा प्रश्न परका नाही. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म याच तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा; पुढे डहाणूच्या गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर त्यांनी आयुष्य काढलं. लग्नाच्या वेळी सवाशिणींनी भिंतीवर काढायचा चौक हा मुळात बायकांचा मान. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी कागद आणि रंग घेऊन पाड्यांवर फिरले आणि ती रेघ भिंतीवरून कागदावर आली. म्हसेंना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली, २००९ साली नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार आला आणि २०११ साली पद्मश्री. २०१८ साली ते गेले. त्यांच्या थोरवीबद्दल इकडे कुणाच्या मनात शंका नाही. पण बायकांच्या हातातली कला पुरुषांच्या सहीने विकली जाऊ लागली त्याचं काय, देवीचा चौक चहाच्या कपावर छापला जातो त्याचं काय, हे प्रश्न गंजाड-तलासरीकडे आजही निघतात. २०२६च्या पद्मश्रींच्या यादीत जव्हारकडचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांचं नाव आलं. फिटरचा आजा तारपा वाजवायचा. नाकाने श्वास आत ओढत, गालातली हवा फुंकत राहायची, सूर रात्रभर तुटू द्यायचा नाही. धिंडांचं नाव आलं तेव्हा घरात सगळे खूश झाले, असं फिटरने सांगितलं. पण त्याच्या आईने लगेच विचारलं होतं की आता तरी पोरं शिकतील का?

त्या माउलीचा प्रश्न मला सगळ्या समीक्षेपेक्षा मोलाचा वाटतो. डीआरलाही हाच प्रश्न विचारला पाहिजे. मागून कुणी आलं का?

आले. एकापाठोपाठ एक आले. आणि इथे डीआरच्या चाहत्यांचंही लक्ष जिथे फारसं जात नाही तिकडे मला बोट दाखवायचं आहे. साहिल मखिजाने बँडच्या बरोबरीने डेमनस्टीलर रेकॉर्ड्स ही स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. मोठ्या कंपन्यांना या संगीतात पैसा दिसत नव्हता, तेव्हा मेटल बँडचे अल्बम छापून विकण्याची सोय झाली ती अशी. ‘रेझरेक्शन’ नावाने त्याने स्वतः कार्यक्रमांची मालिका चालवली; स्वतःची गाणी वाजवणाऱ्या बँडना तिथे मंच मिळाला. घरातच ध्वनिमुद्रणाची व्यवस्था केली. भयानक मौत, स्क्राइब, झिग्नेमा, गटस्लिट ही मुंबईची नावं ज्या दशकात पुढे आली, त्या दशकात स्वतःचं गाणं वाजवणं ही गोष्ट लाजिरवाणी राहिलेली नव्हती. हे एकट्या साहिलने केलं असं म्हणणं इतरांवर अन्याय होईल. सेप्टर १९९८ पासून मुंबईत होताच. बंगळुरूला डाइंग एम्ब्रेस आणि क्रिप्टोस होते, मिझोरममध्ये थर्ड सॉव्हरिन. डीआर पहिला नव्हे, हे फिटरलाही मान्य करावं लागेल. पण गाणं लिहिणं, ते छापणं, त्यासाठी मंच उभारणं आणि त्यावर दुसऱ्यांना चढवणं, ही चारही कामं वर्षानुवर्षं एकाच माणसाने रेटली, असं दुसरं उदाहरण मला आपल्याकडच्या मेटलमध्ये दिसत नाही. सॅम डन आणि स्कॉट मॅकफेडन यांच्या २००८च्या ‘ग्लोबल मेटल’ या माहितीपटात भारताच्या बाजूने बोलायला तो दिसतो, याचं नवल नाही.

त्याच २००८च्या १ फेब्रुवारीला आयर्न मेडनने आपल्या जगदौऱ्याची सुरुवात मुंबईतून, वांद्रे-कुर्ला संकुलातून केली. गायक ब्रूस डिकिन्सन बँडचं विमान स्वतः चालवत आला होता. एकेकाळी ज्यांची गाणी जशीच्या तशी वाजवण्यात पोरांची उमर जायची, ते दारात आले तेव्हा इथे स्वतःच्या गाण्यांची एक पिढी उभी होती. डीआर पुढे नॉर्वेचा इन्फर्नो, चेक प्रजासत्ताकातला ब्रूटल असॉल्ट, जर्मनीतला वाकन अशा महोत्सवांत वाजवून आला.

२०१७चा ‘दशावतार’ हा अल्बम आला आणि वादाला नवं तोंड फुटलं. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा गाणी, प्रत्येकाला एक अवतार. काही जुन्या चाहत्यांनी नाक मुरडलं: इतकी वर्षं राक्षसांची गाणी गायली, आता परदेशी लोकांना भारत विकायला निघाले. साऊंडवाल्याचंही मत तेच. “देवळात जायचं तर जोडे काढून जा ना. हे अर्धे बाहेर, अर्धे आत.”

मला हे पटत नाही. मोखाडा-जव्हारकडे बोहाडा ज्याने पाहिला आहे तो या अल्बमला बिचकणार नाही. रात्रभर संबळ आणि पिपाणीच्या कल्लोळात एकेक सोंग येतं. मोठाले रंगीत मुखवटे, टेंभ्यांचा उजेड, गणपती येतो, नरसिंह येतो, महिषासुर येतो. राक्षसाला तिथे देवाइतकंच नाचायला मिळतं. कोकणातल्या दशावतारात संकासुर आल्याशिवाय प्रेक्षकांना चैन पडत नाही. देव-दानव, आरडाओरड, अंगावर काटा आणणारा आवाज आणि त्यातून निर्माण होणारी भक्ती किंवा भीती, हे सगळं आपल्या लोकपरंपरेत आधीपासून आहे. ‘नरसिंह’ ऐकताना मला ओस्लो आठवत नाही, मोखाड्याची रात्र आठवते. डीआरने हे वळण घ्यायला सतरा वर्षं लावली, ही माझी तक्रार आहे. भाषा मात्र इंग्रजीच राहिली, ही दुसरी. मराठीत किंवा वारलीत कुणी या ताकदीचं मेटल करील तर ते मला ऐकायचं आहे, आणि ते होण्यासारखं आहे यावर माझा विश्वास आहे.

इथे दिल्लीच्या ब्लडीवूडचं नाव निघतंच. हिंदी-पंजाबी बोल, ढोल आणि बासरी घेऊन हा बँड २०१९ साली वाकनला गेला आणि २०२२च्या ‘रक्षक’ अल्बमनंतर जगभर फिरला. आता नव्या मुलांना भारतीय मेटल म्हटलं की तोच आठवतो. साऊंडवाला म्हणतो, ज्यांनी स्वतःचा आवाज शोधला ते जिंकले, डीआर मागे पडला. फिटर म्हणतो, रस्ता कुणी फोडला ते विसरू नको. मला वाटतं दोघेही खरं बोलतात आणि दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतात. गाण्यांची स्पर्धा लावली तर मी स्वतः डीआरचे सगळे अल्बम कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवणार नाही. ‘द रिटर्न टू डार्कनेस’ ठेवीन, ‘दशावतार’मधली तीन-चार गाणी ठेवीन. ‘डेमनस्टीलर’ हा पहिला अल्बम केवळ इतिहासासाठी ऐकावा. पण देण्याचा हिशेब मांडायला बसलं तर पारडं त्यांच्याच बाजूला झुकतं. मखिजा थांबलेलाही नाही. स्वतःच्या ‘डेमनस्टीलर’ या नावाने त्याने २०२३ साली ‘द प्रोपगंडा मशीन’ काढला आणि त्यात खोट्या प्रचारावर आणि द्वेषावर उघड तोंड टाकलं. चाळिशी ओलांडल्यावरही राग इतका ताजा राहणं ही साधी गोष्ट नाही.

शेवटच्या भेटीत फिटरने मला एक फोटो दाखवला, ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताचा. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात सतराव्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून आयोमीच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच जायबंदी. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, पातळ तारा लावल्या आणि पुढे पुढे तारा ढिल्या करून सूर खाली उतरवला. हेवी मेटलचा जड, खर्जातला आवाज असा एका कामगाराच्या अपघातातून घडत गेला. फिटरच्या शेजारच्या खात्यातल्या एकाचं बोट मागच्या वर्षी प्रेसमध्ये गेलं. “त्याला गिटार येत नाही,” तो म्हणाला. “पण मी त्याला ही गोष्ट सांगितली. तो बराच वेळ फोटो बघत बसला.” त्याने स्वतः वापीहून जुनी गिटार आणली आहे. सुट्टीच्या दिवशी साऊंडवाल्याच्या गोदामात दोघं बसतात, ड्रमच्या जागी मोबाइलवरचा ठेका लावतात, आणि शेजारी ओरडेपर्यंत वाजवतात.

मी त्यांना वाकनची गोष्ट सांगितली. उत्तर जर्मनीतलं शेतकऱ्यांचं गाव, वस्ती जेमतेम दोन हजारांच्या आसपास. १९९० पासून तिथे दर उन्हाळ्यात मेटलचा मेळा भरतो, जगभरातून ऐंशी हजारांच्या घरात लोक येतात, आणि गावच्या अग्निशमन दलाचा बँड, गणवेशातली गावकरी मंडळी, त्यांच्यासाठी मंचावर चढून पितळी वाद्यं वाजवतो. फिटरला आधी ते खरंच वाटेना. मग विचार करून म्हणाला, “मग इथे तारप्याने सुरुवात करायची.” साऊंडवाल्याचं डोकं तोवर दुसरीकडे गेलं होतं. “ते सोड,” तो म्हणाला. “सर, ऐंशी हजार पब्लिकला जनरेटर किती केव्हीएचा लागत असेल?”